मी हायच इथं

खंडारे डॉक्टरांच्या ट्रेला हात लावला म्हणून मी माझ्याच दवाखान्यात, माझ्याच थिएटरमध्ये, माझ्याच सिस्टरांदेखत बोलणी खाल्ली आहेत. तेव्हा आमची ओळख नवीन होती. ट्रे टेबलाच्या कडेला आला होता, पडेल म्हणून मी तो जरासा आत सरकवला, एवढंच. हात धुऊन आत येणारा तो शिडशिडीत, सावळा माणूस दारातच थांबला. "कोणं हलवला?" मी म्हटलं, "मी. का?" त्यांनी ट्रेमधल्या भरलेल्या सगळ्या सिरिंजा उचलल्या, बादलीत टाकल्या आणि पेटी उघडून पहिल्यापासून भरायला लागले. "मॅडम, राग नका मानू. पण माह्या ट्रेले दुसऱ्याचा हात लागला का तो ट्रे माह्या कामाचा नाही." पेशंट टेबलावर, मी हातमोजे घालून उभी, आणि हा बाबा शांतपणे औषधं भरतोय! माझा पारा असा चढला होता की विचारू नका.

सुगत खंडारे हे आमच्या भागातले भुलीचे डॉक्टर. नांदुऱ्यात माझा छोटासा ऑपरेशनचा दवाखाना आहे. तालुक्याच्या गावी भुलीचा डॉक्टर स्वतःचा दवाखाना काढत नाही, तो गावोगावी फिरतो. सकाळी मोताळा, मग मलकापूर, दुपारी नांदुरा, संध्याकाळी अजून कुठे. त्याचा सगळा संसार गाडीच्या डिकीत. खंडाऱ्यांचा संसार म्हणजे एक पत्र्याची पेटी होती. वसतिगृहात शिकायला गेले तेव्हाची. झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं 'सु. ग. खंडारे, रोहिणखेड' अर्धंमुर्धं पुसलं होतं. पेटीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली थिएटरच्या पायजम्याच्या नाडीला बांधलेली. औषधं त्यांची, सिरिंजा त्यांच्या, नळ्या त्यांच्या. माझ्या दवाखान्यातलं ते फक्त पाणी वापरत, आणि तेही वास घेऊन.

त्या ट्रेत सहा सिरिंजा एका ओळीत असत. एकीवरही नाव नाही. आत पाण्यासारखं स्वच्छ औषध, कोणती कशाची ते फक्त खंडाऱ्यांना ठाऊक. पेशंटकडे बघत बघत हात ट्रेकडे जायचा आणि बरोबर ती सिरिंज उचलायचा. मी कितीदा म्हटलं, "अहो, चिकटपट्टीचा एक तुकडा लावून नाव लिहायला काय होतं? तुमचा हात काय झिजतो?" त्यावर ठरलेलं उत्तर. "लेबल वाचणाऱ्याचे डोळे जागे राह्यतात मॅडम, डोकं झोपते."

बॅगचंही तेच. बेशुद्ध पेशंटला श्वास द्यायला माझ्याकडे चांगलं यंत्र होतं, कर्ज काढून घेतलेलं. खंडारे त्याला हात लावत नसत. रबरी बॅग डाव्या हातात घेऊन स्टुलावर बसायचे आणि ऑपरेशन संपेपर्यंत हातानं दाबत राहायचे. "यंत्र श्वास देते. श्वास आईकत नाही." तासन् तास ती बोटं मिटायची, उघडायची. त्यांच्या डाव्या हाताची पकड अशी होती की हस्तांदोलन करताना माणूस चपापायचा.

हा माणूस कटकट्या होता, मान्य. पण पेशंटच्या उशाशी बसला की कोणी वेगळाच व्हायचा. भूल द्यायच्या आधी कानापाशी वाकायचा आणि एकच वाक्य म्हणायचा. "मावशी, मी हायच इथं. तुम्ही निजा." पुरुष असला तर दादा, मुसलमान बाई असली तर आपा, म्हाताऱ्या माणसाला बापू. घाबरू नका, दुखणार नाही, असलं काही नाही. थरथरणाऱ्या बायका त्या वाक्यानं शांत झालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. मी पेशंटला पंधरा मिनिटं समजावते आणि तो जास्तच घाबरतो, हे वेगळं सांगायला नको.

आणि अजून एक. भुलीत जाताना आणि भुलीतून उठताना माणसं बरळतात. कोणी शिव्या देतं, कोणी प्रेयसीचं नाव घेतं. एकदा गावातला एक मोठा पुढारी गुंगीत रडत रडत बायकोची माफी मागायला लागला. आम्ही सगळे तोंड दाबून हसायला लागलो. खंडारे हसले नाहीत. पेशंट बाहेर गेल्यावर एकेकाकडे बघून म्हणाले, "भुलीतलं बोलणं भुलीतच राह्यते. या दाराच्या भायेर गेलं तं मी या दाराच्या आत येणार नाही." आमच्या कमलताई, म्हणजे थिएटरच्या जुन्या सिस्टर, त्यांना तर सगळ्या गावाच्या बातम्यांची हौस. पण ती बातमी त्यांनीसुद्धा पोटात ठेवली.

एवढं एकट्यानं करायची खोड कशी लागली, ते त्यांनी एकदाच सांगितलं. वीज गेलेली, जनरेटर दुरुस्त होईपर्यंत आम्ही दोघं व्हरांड्यात चहा घेत बसलो होतो. वैद्यकीय शिक्षण चालू असताना एका पेशंटला दुसऱ्यानंच भरलेली, चुकीचं नाव लावलेली सिरिंज यांच्या हातून दिली गेली होती. पेशंट वाचला. "भरणारा दुसरा होता, नाव माह्यं झालं," खंडारे म्हणाले. "सर म्हणाले, कोट्यातून आले का असंच होते. त्या वर्गात बाकीचेही चुकत होते नं मॅडम. त्याहीची चूक त्याहीचीच राह्यत होती. माही चूक माह्या एकट्याची नाही राह्यली. ते रोहिणखेडची झाली, माह्या मायची झाली, माह्या मागून येणाऱ्या सगळ्या पोरायची झाली. तवापासून ठरवलं, आपल्या कामाले दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही." माझ्या चुकांचे मला चटके बसले आहेत, पण माझी चूक कोणी माझ्या गावावर आणि जातीवर कधी टाकली नव्हती. एरवी माझं तोंड बंद राहत नाही, त्या दिवशी राहिलं.

पण समजणं वेगळं आणि चालवून घेणं वेगळं. हळूहळू पंचक्रोशीतली सगळी ऑपरेशनं त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर आली. कोणालाच नाही म्हणायचं नाही. जेवण गाडीत, एका हाती स्टिअरिंग आणि एका हाती पोळीची गुंडाळी. त्यांच्या पत्नी सुजाताताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्या मला एकदा बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तरी यांना रोज बघता. कसे आहेत?" मी हसले, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या खरंच विचारत होत्या.

त्याच सुमारास मलकापूरच्या तबस्सुम शेख भुलीचं शिक्षण पूर्ण करून आल्या. हुशार, चटपटीत मुलगी. आधी खंडाऱ्यांना भेटायला गेली, वाटून घेऊ या म्हणाली. त्यांनी तिला चहा पाजला, बिस्किटं दिली, तोंडभर कौतुक केलं आणि सांगितलं, "तुम्ही अकोल्याले जा. इथं काम नाही." मला कळलं तेव्हा मी भडकले. "इथं काम नाही? मग तुम्ही रात्रंदिवस काय टाळ कुटत फिरता?" खंडारे बॅग दाबत म्हणाले, "तिची चूक झाली तं पेशंट माह्या भरवशावर आलेला असते." मी म्हटलं, "आणि तुमची झाली तर?" ते म्हणाले, "माही होत नाही." हे घमेंडीनं म्हटलं असतं तर मी भांडले असते. ते घाबरून म्हणत होते.

ती सकाळ एप्रिलमधली होती. दहा वाजताच रस्ते ओस पडावेत असं ऊन. शकीलाबींच्या पित्ताशयात खडे होते. बाजारात फळांचा ठेला असणाऱ्या घरातली पन्नाशीची बाई, जिभेची तिखट आणि मनाची मऊ. आजार जुना, सगळं चिकटलेलं, त्यामुळे पोट उघडूनच करायचं होतं. खंडारे पहाटेपासून दोन गावं करून आले होते. पेटी उचलताना किंचित वाकले. कमलताईंच्या नजरेतून काही सुटत नाही.

"सर, हाताले पट्टी काऊन हाय?"

"खरचटलं."

"जेवले का?"

"पित्त झालं जरासं. तुम्ही तुमचं काम करा नं कमलताई."

हातमोजा चढला, पट्टी झाकली. त्या दिवशी त्यांनी ट्रे नेहमीच्या बाजूला न ठेवता दुसऱ्या बाजूला ठेवला. मी ते पाहिलं, पण ट्रेबद्दल बोलायचं मी केव्हाच सोडलं होतं. शकीलाबींच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "आपा, मी हायच इथं. तुम्ही निजा." आवाज खोल गेलेला होता. शकीलाबींनी डोळे मिटले.

ऑपरेशनच्या टेबलावर एक आवाज सतत चालू असतो. पेशंटच्या बोटाला लावलेला चिमटा रक्तातला प्राणवायू मोजतो आणि यंत्र टुक टुक करत राहतं. प्राणवायू उतरला की आवाज खाली खाली जातो. सर्जनचं लक्ष त्या आवाजाकडे नसतं, पण तो बदलला की अंगावर काटा येतो. माझे दोन्ही हात शकीलाबींच्या यकृताखाली होते. पित्ताशय निम्मं सुटलं होतं. आणि आवाज उतरायला लागला.

"डॉक्टर, बघा जरा."

उत्तर नाही. मी मान वर केली. पडद्यापलीकडे, पेशंटच्या उशाशी, खंडाऱ्यांचं डोकं दिसायला हवं होतं, तिथं नुसती भिंत होती. ते स्टुलावरून घसरून खाली बसले होते, मान छातीवर, आणि डाव्या हातात ती बॅग तशीच धरलेली. दाबत मात्र नव्हते.

"कमलताई, बॅग घ्या! दाबा!"

"मी? मी कधी हात नाही लावला मॅडम..."

"दाबा म्हणते ना!"

कमलताईंनी त्यांच्या बोटांतून बॅग अक्षरशः उपटली. किती वर्षं त्या ती बॅग दाबताना बघत आल्या होत्या. पहिल्या दोन-तीन दाबांना काहीच झालं नाही, आवाज अजून खाली गेला. मग छाती वर आली, खाली गेली. परत वर आली. आवाज हळूहळू चढायला लागला. पोट उघडं धरायचा आकडा हातात घेऊन माझ्या समोर उभी असलेली सिस्टर खाली खंडाऱ्यांकडे बघत होती, तिला म्हटलं, "तू फक्त आकडा ओढून धर. बाकी कुठं बघू नकोस."

आयाबाई आणि कंपाउंडर धावत आले, खंडाऱ्यांना जमिनीवर आडवं केलं. अंग तापलेलं. मी ओरडूनच सांगितलं, तबस्सुमला फोन करा, म्हणावं नांदुऱ्यात काम आहे, आत्ता, असशील तशी निघ. तेवढ्यात शकीलाबींचं पोट ताठ व्हायला लागलं. आतडी वर ढकलली जाऊ लागली. झोपेचा वायू नळीतून चालू होता, त्यामुळे ती जागी होणार नव्हती, पण स्नायू सैल ठेवणारं औषध उतरत होतं. एक रक्तवाहिनी माझ्या चिमट्यात अर्धवट धरलेली. ती सुटली असती तर त्या पोटात मला काहीही दिसलं नसतं.

"मॅडम," कमलताई बॅग दाबता दाबता म्हणाल्या, "ट्रेतली देऊ का? डावीकून तिसरी असते. मी रोज पाह्यतो नं."

सहा सिरिंजा. पाण्यासारख्या. एक स्नायू सैल करणारी, एक नेमकं उलटं करणारी, एक हृदय पळवणारी, बाकीच्या अजून कशाच्या. डावीकडून तिसरी. कमलताईंचा डोळा चुकत नाही हे मला माहीत होतं. आणि चुकला तर बाई टेबलावर जाईल हेही माहीत होतं. माझा 'हो' अगदी ओठांवर आला होता. "नको," मी म्हटलं. "'असते' म्हणून मी कोणाच्या अंगात काही घालणार नाही. पेटी उघडा. नवी बाटली फोडा."

पेटीला कुलूप. आयाबाई म्हणाल्या, "किल्ली कुठी हाय?" कमलताई म्हणाल्या, "नाडीले." आयाबाईंनी कपाळाला हात लावला. "अवो माय, डॉक्टरच्या नाडीले हात लावू का मी?" एरवी मी हसून हसून मेले असते. "लावा! कापा ती नाडी!" मी किंचाळले. नाडी कापली गेली, कुलूप उघडलं, कंपाउंडरनं एकेक बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरली. ही नाही. ही नाही. ही. नाव मी स्वतः दोनदा वाचलं, मात्रा सांगितली, त्यानं सलाईनच्या नळीतून दिली. पोट पुन्हा मऊ झालं. मी ती रक्तवाहिनी नीट धरली आणि बांधून टाकली.

तेवढ्यात जमिनीवरून खंडाऱ्यांचा आवाज आला. डोळे मिटलेलेच. "बॅग... बॅग कोणं धरली?"

"मी धरली सर," कमलताई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

"सोडू नको माय. हळू दाब. छाती पाह्य, बॅग नको पाहू."

एवढं बोलून पुन्हा मान कलली.

तबस्सुम आली तेव्हा मी पोट शिवत होते. गाडी कशी चालवली असेल कोण जाणे. पायातल्या चपला दारात भिरकावून, कपडे बदलून आली, कमलताईंच्या हातातून बॅग घेतली, ट्रेकडे एक नजर टाकली आणि तो उचलून बाजूला ठेवला. मग पेटीतून नवं औषध काढून शकीलाबींना नीट उठवलं. शकीलाबींनी पहिला स्वतःचा श्वास घेतला तेव्हा मी भिंतीला टेकले.

पण टेकायला वेळ नव्हता. शेजारच्या खोलीत खंडारे खाटेवर होते. मी त्यांच्या पोटावर हात ठेवला. पोट लाकडासारखं. उजवीकडे खाली दाबलं आणि सोडलं तर हा सोशीक माणूस विव्हळला. अपेंडिक्स फुटलेलं होतं, लहान पोरानंही सांगितलं असतं. हाताची पट्टी सोडली. खाली सलाईनची सुई होती. स्वतःच स्वतःच्या शिरेत घालून घेतलेली. विचारल्यावर कबूल केलं, गाडीत बसून दुखणं थांबवायची इंजेक्शनं स्वतःलाच देत हा माणूस तीन दिवस गावोगावी लोकांना भूल देत फिरत होता.

"मला का नाही सांगितलं?" मी ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये हे मलाही कळतं. "पोटाची डॉक्टर आहे मी! तुमच्यापासून चार हातांवर उभी असते रोज!"

"तुमच्या केसेस लागलेल्या होत्या. मी पडलो असतो तं पाच गावाचे ऑपरेशन पडले असते."

"मग आज काय झालं? आज तुम्ही पडला नाहीत?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिकडेच बघत म्हणाले, "मले अकोल्याले न्या."

रक्तदाब उतरत होता. अकोल्याला पोचेपर्यंत काय झालं असतं, ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त चांगलं माहीत होतं. मी सरळ सांगितलं, "इथंच उघडणार. तबस्सुम भूल देणार." सुजाताताईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रडल्या नाहीत, निघतेच म्हणाल्या, आणि फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाल्या, "मॅडम, मला फोन केला हे त्यांना सांगू नका. त्यांना आवडत नाही." ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा मरणाच्या दारात, आणि या बाईला त्याची मर्जी सांभाळायची होती.

थिएटरमध्ये आणल्यावर खंडारे कोपरावर उठून बसले. "औषध मी भरतो. ह्या मले देतील. बस."

तबस्सुमनं त्यांची पेटी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी एक काचेची बाटली उचलली, तिची मान मोडायला गेले. हाताला इतका कंप होता की ती बोटांतून निसटली आणि फरशीवर फुटली. त्यांनी दुसरी घेतली. तीही फुटली. तिसरीकडे हात गेला नाही. आम्ही सगळे त्या काचांकडे बघत उभे होतो. त्या माणसाचा चेहरा मला बघवेना.

मग तबस्सुमनं एक स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली. एक बाटली घेतली, त्यांना नाव दाखवलं, फोडली, सिरिंज भरली, चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहिलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. "बरोबर आहे, सर?" त्यांनी वाचलं. मान हलवली. दुसरी. वाचली, मान हलवली. लेबलांना नावं ठेवणारा माणूस सगळी लेबलं शेवटपर्यंत वाचत होता. रक्तदाब किती उतरलाय ते यंत्र सांगत होतं आणि मी मनातून ओरडत होते, अगं, आवर! पण तिला थांबवलं नाही.

"झोपा सर," ती म्हणाली. ते आडवे झाले. ती त्यांच्या कानाशी वाकली. शिकत असताना सुट्टीत कधी त्यांच्याकडे दोन दिवस काम बघायला आली होती, तेव्हाचं तिनं लक्षात ठेवलं असणार. म्हणाली, "मी हायच इथं, सर. तुम्ही निजा."

खंडाऱ्यांनी छताकडे पाहिलं. डावा हात चादरीवर होता आणि त्याची बोटं मिटत होती, उघडत होती. औषध जाऊ लागलं. डोळे जड झाले. तेव्हा ते काहीतरी बोलले. स्पष्ट बोलले, आम्ही तिघींनीही ऐकलं. ते मी इथं लिहिणार नाही. मग बोटं थांबली.

पोटात पू झाला होता. धुऊन, साफ करून, नळी घालून बाहेर आले तेव्हा सुजाताताई बाकावर बसल्या होत्या. पुढचे काही दिवस वाईट गेले. ताप उतरेना, लघवी कमी झाली, एक वेळ अशी आली की मी रुग्णवाहिका दारात उभी करून ठेवली. पण गडी चिवट. हळूहळू ताप उतरला. त्या दिवसांत बाकीच्या गावांची ऑपरेशनं तबस्सुमनं सांभाळली. एकही पडलं नाही, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. खंडारे म्हणाले, "कळलं मॅडम. कितींदा सांगसान?"

जरा बरे झाल्यावर त्यांनी मला ट्रेचं विचारलं. मी सांगितलं, कमलताई तिसरी म्हणत होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "दिली नाही नं?" नाही म्हटलं. त्यांनी सुईच्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "सुईचा हात दुखत होता म्हणून ट्रे दुसऱ्या बाजूले ठेवला होता. रांग उलटी झाली होती. मले सोडून कोणाले कसं कळन?" आणि पुन्हा म्हणाले, "कोणाले कसं कळन?"

खरा दणका मात्र शकीलाबींनी दिला. तिला आणि तिच्या घरच्यांना मी काय घडलं ते सगळं सांगितलं होतं. घरी जायच्या दिवशी ती पोट धरून, भिंतीचा आधार घेत खंडाऱ्यांच्या खोलीत गेली. खाटेच्या टोकाशी उभी राहिली. "डॉक्टरसाब, तुम्ही तं म्हणले होते, मी हायच इथं. मंग कुठी गेल्ते?"

खंडाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "चुकलं आपा," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. शकीलाबीनं पदराआडून एक सफरचंद काढून त्यांच्या उशाशी ठेवलं. "खाऊन घेजा. अन् घरवालीले सांगत जा, दुखलं का." आणि गेली.

पावसाळा लागता लागता खंडारे परत कामावर आले. आता सगळी गावं दोघांत वाटलेली. मोठं ऑपरेशन असलं की दोघंही येतात. पहिल्या दिवशी पेटी टेबलावर ठेवली, उघडली आणि उघडीच राहू दिली. सहा सिरिंजा भरल्या, एका ओळीत ठेवल्या. मग खिशातून चिकटपट्टी काढली आणि एकेकीवर नाव लिहायला लागले. अक्षर डॉक्टरांचंच, म्हणजे भयानक. कमलताई वाकून वाचायला लागल्या. "सर, हे काय लिहिलं?" त्यांनी ते फाडून परत लिहिलं.

ऑपरेशन लांबलं. तबस्सुम येऊन शेजारी उभी होती. मी आतडं शिवत होते, तेव्हा पडद्यापलीकडून हळू आवाज आला. "मॅडम, एक इचारू का?"

"विचारा."

"मी भुलीत काय बोललो होतो?"

बॅग दाबणारा हात थांबला नव्हता, पण आवाजात भीती होती. तीच जुनी भीती. कमलताईंनी माझ्याकडे पाहिलं. तबस्सुमनं खाली पाहिलं. मी टाका पूर्ण केला, गाठ मारली.

"भुलीतलं बोलणं भुलीतच राहतं, डॉक्टर," मी म्हटलं. "या दाराच्या बाहेर गेलेलं नाही. आतही कोणी बोलणार नाही."

मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. मी मान वर केली. खंडारे उभे राहिले होते. त्यांनी बॅग तबस्सुमच्या हातात दिली, तिच्या दोन-तीन दाबांना छाती कशी वर येते ते पाहिलं, आणि हातमोजे काढले.

"कमलताई," ते म्हणाले, "चहा हाय का भायेर?"